मोजणीबाहेरची माणसं

आमच्या केजच्या जुन्या घरात ओसरीला दोन कोनाडे होते. एकात योगेश्वरीचा फोटो, दुसऱ्यात केबलचा ॲम्प्लिफायर. दोघांनाही रोज संध्याकाळी हात लागायचा. फोटोला आईचा, ॲम्प्लिफायरला अण्णांचा. बिस्किटाच्या डब्याएवढी ती लोखंडी पेटी. तिला एक लाल दिवा, आत येणारी एक काळी वायर आणि बाहेर पडणाऱ्या तीन. त्या तीन वायरी आमच्या माळवदावरून मागच्या गल्लीत जायच्या, तिथून मशिदीच्या भिंतीला धरून पुढं नव्या वसाहतीपर्यंत. पेटीला करंट आमच्या मीटरवरून. त्यामुळे आमची लाइट गेली किंवा अण्णांनी खटका दाबला की आमच्यापुढच्या सगळ्या घरांचे टीव्ही मुंग्यांनी भरायचे. या उपकाराच्या बदल्यात आम्हाला केबल फुकट होती.

खाजगी टीव्हीचा इतिहास सांगणारे हाँगकाँगपासून सुरुवात करतात, मग मुंबई, मग वाहिन्यांची नावं, मालकांची नावं, करारांच्या रकमा. ते चुकीचं नाही. पण तो इतिहास बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी येताना काय होऊन आला, ते त्यात सापडत नाही. मला त्यात रस आहे, कारण त्या सगळ्या करारांत आम्ही कुठंच नव्हतो आणि तरीही रोज रात्री समोर बसलेलो होतो.

त्याआधी दूरदर्शन होतं. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता, कृष्णधवल, तो खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवायचे. त्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी ते सोडून देते. अँटेना गच्चीवर, तोंड अंबाजोगाईच्या मनोऱ्याकडं. वारा सुटला की कुणीतरी वर चढायचं आणि खालून आवाज यायचे, "फिरवा... अजून थोडं... आलं आलं, सोडू नका!" चित्र आलं तरी ते आम्हाला काहीतरी शिकवायलाच आलेलं असायचं. खत किती टाकावं, मुलं किती असावीत, पाणी उकळून प्यावं.

गावात केबल आणली ती चाचांनी. त्यांचं स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कापसाचे पैसे हातात आले की लोक त्यांच्याकडं ट्रान्झिस्टर आणायचे, पेरणीच्या दिवसांत कुणी फिरकायचं नाही. पुढं व्हीसीपी, म्हणजे कॅसेटवरचा सिनेमा टीव्हीवर दाखवणारं यंत्र, भाड्यानं द्यायचा धंदाही त्यांनी केला. एक दिवस त्यांच्या माळवदावर टेम्पोतून उतरवलेली जाळीची मोठी छत्री चढली. बघायला निम्मा मोंढा जमला. आमच्या अँटेना सगळ्या अंबाजोगाईकडं बघत होत्या, ही छत्री मात्र आग्नेयेला मान वर करून बघत होती. तिच्या समोर ना डोंगर ना मनोरा. तिथं काय आहे असं कुणी विचारलं तर चाचा नुसतं आभाळाकडं बोट करायचे.

तिथं जे होतं त्याची गोष्ट मला फार उशिरा कळली. १९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला तो एशियासॅट-१ या उपग्रहावरून. आणि हा उपग्रह नवा नव्हताच. १९८४ च्या फेब्रुवारीत वेस्टार-६ या नावानं तो अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून सोडला होता. त्याची मोटर दगावली आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी त्याला धरून पृथ्वीवर परत आणलं. मग डागडुजी झाली, तो विकला गेला, आणि ७ एप्रिल १९९० ला चीनच्या लाँग मार्च अग्निबाणावर बसून पुन्हा वर गेला. आपल्या देशातली खाजगी टीव्हीची सुरुवात झाली ती अशा दुरुस्त केलेल्या, दुसऱ्या हातच्या यंत्रावरून. चाचांना याचं काही नवल वाटलं नसतं. त्यांचा स्वतःचा रिसीव्हर लातूरच्या कुणीतरी मोडीत काढलेला होता.

हाँगकाँगच का, तर आपल्याकडं हवेतून चित्र पाठवायचा हक्क १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानं एकट्या सरकारच्या हातात ठेवला होता. वरून आलेलं चित्र वायरीनं घरोघर वाटावं की नाही, याबाबत कायदा नुसता चाचपडत होता. त्या फटीतून सगळं शिरलं. सुभाष चंद्र यांनी २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू केला तो याच उपग्रहावरचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे खालून आलेलं चित्र झेलून परत खाली सोडणारं यंत्र, भाड्यानं घेऊन. कार्यक्रम मुंबईत तयार व्हायचे, कॅसेटी विमानानं हाँगकाँगला जायच्या, तिथून आभाळात आणि आभाळातून केजला. मुंबई ते केज हा एसटीनं एका रात्रीचा रस्ता आहे.

चाचांची एक वही होती. लाल कापडी बांधणीची, अडत्याकडं असते तशी. तिच्यात गल्लीवार नावं आणि महिन्याचे पन्नास रुपये. दर महिन्याला त्यांचा पोरगा सायकलवर वही घेऊन फिरायचा आणि कुणी पाच दिले, कुणी वीस, कुणी 'पट्टी आल्यावर देतो' म्हणालं, ते लिहून घ्यायचा. कापूस विकल्यावर एकदम सहा महिन्यांचे पैसे देणारीही घरं होती. पुढं वायर आसपासच्या वाड्या-तांड्यांवर गेली तेव्हा वहीत एक नवाच रकाना आला. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की त्या घरांपुढं 'गेले' असं लिहायचं आणि उन्हाळ्यात परतले की 'आले'. ते सहा महिने केबलचे पैसे नाहीत. देशातल्या कुठल्या टीव्ही कंपनीनं आपल्या ग्राहकाचं स्थलांतर इतक्या नीट नोंदवलं असेल असं मला वाटत नाही.

हे पन्नास रुपये चाचांपाशीच राहायचे. सुरुवातीच्या त्या वर्षांत वाहिन्या फुकट होत्या, ज्याच्याकडं छत्री त्यानं घ्याव्यात. स्टार, झी यांच्यापर्यंत आमचा एक पैसा पोचत नव्हता. त्यांचं पोट जाहिरातींवर आणि जाहिराती देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता शहरातला, रंगीत टीव्हीवाला, पगारदार माणूस. केजमधला जिल्हा परिषदेचा मास्तर आणि त्याच्या शेजारचा अडतीवरचा मुनीम त्या हिशेबात नव्हते. आम्ही शिल्लक ताटावर बसलो होतो म्हणा. कुणी वाढलं नव्हतं आणि कुणी उठवतही नव्हतं.

मला वाटतं, त्या काळाची सगळी गंमत या बेहिशेबीपणात होती. १९९४ साली केलॉग्जचे कॉर्नफ्लेक्स भारतात आले आणि त्यांच्या जाहिराती आमच्या ओसरीवर सुरू झाल्या. थंड दुधात ते कुरकुरीत काहीतरी टाकून खाणारी पोरं बघत आम्ही ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी खात होतो. हेवा वाटायचा का? फारसा नाही. ती वस्तू केजच्या कुठल्याच दुकानात नव्हती आणि मिळणार नाही हेही ठाऊक होतं, म्हणून ती जाहिरातही एक गोष्ट होऊन जायची. आई म्हणायची, "थंड दूध पाजतेत लेकराला, सर्दी होईल की." मालिकांचंही तेच. 'तारा'मधल्या त्या मुंबईत एकट्या राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, मनाला येईल त्याच्याशी बोलणाऱ्या बाया आमच्या गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी हापशावर त्यांचा निवाडा करायच्या. तो निवाडा दर वेळी त्या बायांच्या विरोधातच जायचा असं नाही. एक म्हातारी, जिनं चाळीस वर्षं सासुरवास काढला होता, ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "कमावती हाय, ऐकंल कशाला?" दूरदर्शन आम्हाला शिकवायला यायचं. ही मालिका आम्हाला ओळखतच नव्हती, म्हणून तिच्यातून आपल्याला काय घ्यायचं ते आमचं आम्ही ठरवत होतो.

त्यात आणखी एक विनोद होता, तो त्या वेळी लक्षात आला नाही. अण्णांचे एक आतेभाऊ औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात कामाला होते. पैठणच्या रस्त्यावरचा तो कारखाना. देशभरातल्या घरांत ठेवलेले रंगीत टीव्ही तिथून बाहेर पडायचे. काका सुट्टीला आले की सांगायचे, आज अमुक इतके सेट दिल्लीला गेले. त्यांच्या स्वतःच्या गावच्या घरी मात्र बरेच दिवस चौदा इंची कृष्णधवलच होता. टीव्ही मराठवाड्यात तयार होत होता आणि टीव्हीवर मराठवाडा नव्हता.

नव्हता म्हणजे अगदीच नव्हता असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं आमच्या घराची भांडी खाली आली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. किल्लारी आमच्यापासून काही फार दूर नाही. लाइट नव्हती, बातमी कळली ती ट्रान्झिस्टरवर, आकाशवाणीवरून. पुढं लाइट आली तेव्हा केबलवर गाणी चालू होती, परदेशी मालिका चालू होती. हिंदीतल्या खाजगी वाहिनीवर बातम्या नावाची गोष्टच अजून सुरू झाली नव्हती. मग अण्णांनी खटखट करत चॅनेल फिरवले आणि बीबीसीवर थांबले. तिथं आमच्या बोलीत बोलणारी एक बाई दगडांच्या ढिगासमोर छाती बडवत होती आणि तिच्या आवाजावर एक इंग्रजी आवाज चढवलेला होता. काय म्हणत होती ते आम्हाला ऐकू येत होतं, अर्धंमुर्धं. बीबीसी बघणाऱ्या साऱ्या जगात ते कळणारे आमच्यासारखेच थोडे. खाजगी टीव्हीवर मी पाहिलेला पहिला मराठवाडा तो.

आता त्या पेटीकडं येते, कारण गल्लीचं राजकारण तिच्याभोवती फिरत होतं.

केबलचं गणित कालव्यासारखं असतं. मांजरा नदीच्या कालव्यावर ज्याचं शेत मुखाशी, त्याला धो धो पाणी आणि शेवटच्या टेलवाल्याला चिखल. वायरीतून सिग्नल जसजसा पुढं जातो तसा झिजतो, म्हणून मधे मधे ॲम्प्लिफायर बसवून त्याला पुन्हा जोर द्यायचा. पण जोर देताना चांगल्याबरोबर खराबही वाढतं. चार ॲम्प्लिफायरांनंतरच्या घरात हीरोच्या मागं त्याचंच एक फिकट भूत चालायचं. शिवाय जुन्या टीव्हींना गोल खटक्याचा ट्यूनर, त्यावर मोजके नंबर. चाचा ठरवायचे कोणती वाहिनी खालच्या नंबरावर टाकायची, कारण खालचे नंबर वायरीत लांबवर टिकतात. झी खाली, सिनेमाचा चॅनेल खाली, बीबीसी वर. पुढं कित्येक वर्षांनी वाहिन्या या जागांसाठी केबलवाल्यांना लाखो रुपये मोजू लागल्या. आमच्याकडं ती जागा चाचांच्या मर्जीवर आणि गल्लीच्या आरडाओरड्यावर ठरायची.

तर, अण्णा मास्तर. दहावीच्या परीक्षा जवळ आल्या की रात्री साडेनवाला ते खटका बंद करायचे. फक्त स्वतःचा टीव्ही बंद करून भागलं असतं, पण अण्णांचं म्हणणं, गल्लीतली निम्मी पोरं माझ्याच शाळेतली आहेत. पाच मिनिटांत दारात माणसं जमायची. "गुर्जी, झोपले का?" "गुर्जी, लाइट आहे ना तुमच्याकडं?" सगळ्यांना माहीत असायचं, पण विचारायचं असं. अण्णा आतून म्हणायचे, "लाइट आहे. अभ्यासालाच आहे." मग चाचा यायचे, लुंगीवर, हातात टेस्टर. ते अण्णांशी कधी भांडले नाहीत. ओसरीवर बसून पाणी मागायचे आणि म्हणायचे, "गुर्जी, पुढचे चाळीस घरं माझ्या नावानं ओरडतेत. पैसे देणार नाहीत म्हणतेत." अण्णा म्हणायचे, "मग पेटी दुसरीकडं लावा." इथं चाचा गप्प. पेटी दुसरीकडं लावणं सोपं नव्हतं. जिथं लाइट दिवसभर बंद होणार नाही, जिथं घरात सतत कुणीतरी माणूस आहे, जिथं दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांना मालकाचं वावडं नाही असं घर लागायचं. बामणाच्या घरी लावली तर वरच्या आळीची तक्रार, पाटलाकडं लावली तर तो निवडणुकीत वापरणार. मास्तरचं घर सगळ्यांना चालायचं. आईनं यावर तोडगा काढला तो असा की बुधवार आणि रविवार सोडून बाकीचे दिवस साडेनवाला बंद. दोन वर्षं तो करार पाळला गेला. त्या दोन वर्षांत आमच्या गल्लीतले दहावीचे निकाल सुधारले का, हे अण्णा ठामपणे सांगायचे, पण मी ते इथं लिहिणार नाही.

याच काळात दिल्लीत केवढं तरी चाललं होतं. १९९३ च्या हीरो कप क्रिकेटचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्याच वर्षी केबलचा कायदा झाला आणि प्रत्येक केबलवाल्यानं हेड पोस्ट ऑफिसात जाऊन फी भरून नोंदणी करायची असं ठरलं. चाचा बीडला जाऊन नोंदणी करून आले. पोस्टात का, हा प्रश्न त्यांना पडला नाही; तारेचा संबंध आहे तर पोस्टच, असं त्यांचं सरळ उत्तर. त्यांनी तो कागद दुकानात काचेत लावला, शेजारी अजमेरच्या दर्ग्याचा फोटो. हीरो कपच्या अंतिम सामन्यात कुंबळेनं बारा धावांत सहा बळी घेतले, ते मात्र गल्लीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. निकालाचं कुणाला काही नव्हतं.

खाजगी आणि व्यावसायिक या दोन्ही शब्दांना पुरेपूर जागणारी एकच वाहिनी आमच्याकडं होती आणि ती चाचांची होती. रिसीव्हरच्या शेजारी एक व्हीसीपी. दुपारी एक सिनेमा, रात्री एक. मधे खाली पट्टी सरकायची: लग्नाच्या बस्त्यासाठी अमुक दुकान, बीटी येण्याआधीच्या संकरित कापसाचं बियाणं, ट्रॅक्टरची ट्रॉली विकणे आहे, अमक्याच्या चिरंजीवांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, काळी म्हैस हरवली आहे कानाला चीर आहे. पट्टी टाकायचं यंत्र येण्याआधी पुठ्ठ्यावर रंगारी अक्षरं लिहून ती कॅमेऱ्यासमोर धरलेली मला आठवतात, धरणाऱ्याचा अंगठा दिसायचा. सिनेमे बहुतेक चोरीचे असायचे. कायद्याच्या नजरेत तो गुन्हा होता, आणि थिएटरवाल्याचं त्यानं खरंच वाटोळं झालं. त्याची बाजू कुणी मांडली नाही. पण सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, उरुसातली कव्वाली, गणपतीपुढचा पोरींचा नाच, नगरातली मिरवणूक हेही सगळं त्याच चॅनेलवर दुसऱ्या दिवशी लागायचं. गर्दीत आपण कुठं दिसतो ते बघायला माणसं कामं टाकून बसायची. मृदंगवाल्याच्या मागं अर्धं तोंड दिसलं तरी घरात आरडाओरडा. निवडणुकीत उमेदवार चाचांना पैसे देऊन सभा लावायला लागले आणि मग चाचांनी दर ठेवला. दोन्ही पक्षांना एकच. एवढं संतुलन मी पुढं मोठ्या वाहिन्यांवरही फार कमी पाहिलं.

मग वाहिन्या पैसे मागू लागल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर एकेक करत चित्र बंद व्हायला लागलं आणि ते उघडायचं तर दर घरामागं महिन्याला इतके रुपये भरा, असा निरोप आला. आता प्रश्न असा की चाचांकडं घरं किती? हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं, आणि खरं उत्तर दिलं तर धंदा बुडणार होता. देशभरातल्या केबलवाल्यांनी केलं तेच त्यांनी केलं, कमी घरं दाखवली. त्याच वेळी करमणूक कराचा तहसीलचा माणूसही मोजायला यायचा. त्याला दाखवायची वही वेगळी. वाहिनीच्या एजंटाला दाखवायची तिसरी. खरी वही लाल, ती दुकानात नसायचीच. म्हणजे आम्ही आधी मुंबईच्या हिशेबात नव्हतो आणि आता हिशेब मागायला माणूस दारात आला तेव्हा आमच्याच चाचांनी आम्हाला लपवलं. माझ्या नवऱ्याला, जो पुण्यात वाढला, हे ऐकून चोरी वाटते. चोरी आहेच. पण ज्यांनी आमच्यासाठी एक वाक्य बनवलं नव्हतं त्यांना आमच्या डोक्यामागं पैसे हवे होते, हेही खरं आहे.

दुसरी मोजणी आम्हाला दिसतच नव्हती. १९९८ मध्ये टॅम नावाची कंपनी सुरू झाली, घरांत मीटर बसवून कोण काय बघतं ते मोजणारी. टीआरपी म्हणतात तो त्यातून यायचा आणि त्यावर जाहिरातींचे कोट्यवधी रुपये हलायचे. हे मीटर कित्येक वर्षं एक लाखाहून कमी वस्तीच्या गावांत बसतच नव्हते. केज तर सोडाच, मराठवाड्यातले बहुतेक तालुके त्यात कधी आले नाहीत. रात्री आठ वाजता आमची अख्खी गल्ली एखादी मालिका बघत असो नाही तर बंद पडलेल्या विजेच्या डीपीला शिव्या देत असो, मुंबईतल्या आकड्याला त्याचा धक्काही लागत नव्हता.

असं असताना आमच्या भाषेत बोलायचं कुणाला सुचलं? १५ ऑगस्ट १९९९ ला झीनं अल्फा मराठी काढलं, ते मुंबईचं. आणि २००० साली ई टीव्ही मराठी आलं, ते हैदराबादचं. रामोजी राव यांच्या फिल्म सिटीतून मराठी बातम्या. हे ऐकून अण्णांना जो आनंद झाला तो मला तेव्हा समजला नव्हता. आमचे आजोबा कोर्टाच्या कामाला हैदराबादला जायचे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट गेली, तरी १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यातच होतो. घरच्या जुन्या खासरापत्रकांवर उर्दू होतं, आजोबांच्या तोंडी 'मोहतमीम' आणि 'पेशकार' होते. मुंबई ही अण्णांच्या पिढीला नंतर मिळालेली राजधानी, पुस्तकातली. हैदराबाद ओळखीचं. त्या ओळखीच्या गावाहून कुणीतरी मराठीत बातम्या सांगतंय, आणि त्यात धारूर, वडवणी, पाटोदा अशी नावं न अडखळता घेतंय, याचं अण्णांना अप्रूप होतं. आमच्या भागातली कितीतरी पोरं तेव्हा 'रामोजीला' गेली. "कुठं असतो पोरगा?" "रामोजीला हाय, डेस्कवर." डेस्क म्हणजे काय हे बापाला माहीत नसायचं, पण सोयरीक जुळायला तेवढं पुरायचं.

गावातला एक पत्रकारही तेव्हा एका वाहिनीला बातम्या पाठवू लागला. छोटा कॅमेरा, कॅसेट, ती एसटीच्या कंडक्टरच्या हाती देऊन जिल्ह्याला. पैसे बातमीमागं, तेही लागली तर. त्याच्यामुळं आमच्याकडचे टँकर, आमच्या चारा छावण्या, आमच्या आत्महत्या दिसायला लागल्या. दुष्काळ पडला की मराठवाडा रोज दिसायचा आणि पाऊस झाला की गायब. हा तक्रारीचा सूर मला आवडत नाही, पण तो खोटाही नाही.

मालिकांमधलं गाव मात्र आजही आमचं नाही. कुणी रावबाजी करत येतो, लाल मातीच्या आखाड्यात शड्डू ठोकतो, मागं डोंगर, मागं ऊस, मागं भरलेली नदी. गाव म्हटलं की ते कोल्हापूर-साताऱ्याकडचं. आमची 'करतेत-जातेत' कधी आलीच तर नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी. ज्यांची मोजणी नाही त्यांची बोली तरी कोण कशाला शिकून घेईल.

मोजणी झाली, पण फार उशिरा. केबल डिजिटल करायचं ठरलं तेव्हा औरंगाबादचा नंबर २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात लागला, आमच्यासारख्यांचा २०१७ च्या शेवटच्या. प्रत्येक टीव्हीला डबा, प्रत्येक डब्याला नंबर. लाल वही संपली. त्याआधीच कितीतरी घरांनी स्वतःची छोटी छत्री लावली होती, कुणी पैशाची, कुणी दूरदर्शनची फुकटची. चाचांच्या पोरानं वायरीचा धंदा काही वर्षं ओढला, आता तो त्याच खांबांवरून इंटरनेट देतो. आमचा ॲम्प्लिफायर एका उन्हाळ्यात जळाला, मग नवा बसवलाच नाही.

आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये बार्क या संस्थेनं खेड्यापाड्यांतले मीटर धरून पहिल्यांदा देशाची आकडेवारी काढली. एका आठवड्यात याद्या उलटसुलट झाल्या. फुकट दिसणाऱ्या, जुन्या मालिका पुन्हा दाखवणाऱ्या वाहिन्या शहरांतल्या मोठमोठ्या वाहिन्यांच्या बरोबरीला येऊन बसल्या. हे वाचल्यावर मी ते मावशीला सांगितलं. मावशी मांजराच्या पल्याड एका वस्तीवर राहते, घरावर फुकटची छत्री आहे. तिला टीआरपीचं सगळं नीट समजावलं: काही घरांत मीटर असतो, कुणाच्या घरात ते गुपित असतं, त्यावरून कोणती मालिका चालू ठेवायची ते ठरतं. ती शांतपणे ऐकत होती. तिच्या घरात मीटर नाही, असता तर तिला माहीत असतं, हेही मी सांगितलं. तिला ते पटलं नाही.

तेव्हापासून खुरपायला जाताना ती टीव्ही चालू ठेवून जाते, तिच्या आवडीच्या वाहिनीवर, दाराला कडी लावून. बिलाचं बोलले तर म्हणाली, "येऊ दे बिल. आपण नाही लावलं तर बंद करतील ना ते."